एचआयव्हीची चाचणी स्वतःहून करताना: ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदारांचे नेहमीचे प्रश्न

मला काहीच त्रास नाही. मग चाचणी कशाला?

त्रास होण्याची वाट बघितली तर फार उशीर होतो. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं. आठ-पंधरा दिवसांत ते आपोआप जातं. ठाण्याच्या पावसाळ्यात असा ताप घरटी एकाला असतोच, त्यामुळे त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पुढे औषध न घेताही आठ-दहा वर्षं माणूस धडधाकट दिसतो. लोकल पकडतो, ओव्हरटाइम करतो, जिमलाही जातो. विषाणू मात्र आतून प्रतिकारशक्ती पोखरत असतो.

म्हणून लक्षणं बघत बसू नका, काय घडलंय ते आठवा. ज्या व्यक्तीचा रिपोर्ट माहीत नाही तिच्याशी कंडोमशिवाय संबंध आला असेल, नशेसाठी सुई वाटून घेतली असेल, गुप्तरोग किंवा टीबी झाला असेल, जोडीदार पॉझिटिव्ह असेल, तर चाचणी करायलाच हवी. यातलं काहीच नसेल तर दरवर्षी धावपळ करायची गरज नाही. प्रौढ माणसाने आयुष्यात एकदा तरी ती केलेली असावी, एवढंच आमचं मत.

चाचणीला गेलो म्हणजे "याने काहीतरी केलंय" असंच लोक समजणार ना?

खरी अडचण इथेच आहे. सुईची भीती फार थोड्यांना असते, चाचणी करणं म्हणजे बाहेरख्यालीपणाची कबुली देणं ही समजूतच बहुतेकांना अडवते.

पालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला एचआयव्हीची चाचणी सुचवली जाते आणि बहुतेकजणी ती करून घेतात. तिच्या चारित्र्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तीच चाचणी नवऱ्याला सुचवली की तो म्हणतो, "तिचा निगेटिव्ह आलाय ना, मग माझाही तोच." हे गणित चुकीचं आहे. प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही, त्यामुळे एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशी जोडपी भरपूर असतात. बायकोचा रिपोर्ट तिच्याबद्दल सांगतो, तुमच्याबद्दल नाही.

दुसरी समजूत म्हणजे "हा त्यांचा आजार". ऐरोलीच्या आयटी पार्कमधला माणूस एपीएमसीतल्या ट्रकवाल्याकडे बोट दाखवतो, ट्रकवाला तुर्भे नाक्याकडे, नाक्यावरचा कामगार आणखी कुणाकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या साधारण २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांनाच या आजाराची नीट, गैरसमजांविना माहिती असल्याचं दिसलं. बाकीच्यांचा कारभार ऐकीव माहितीवर चालतो. डास चावल्याने, एका डब्यात जेवल्याने, ऑफिसचं टॉयलेट वापरल्याने किंवा शेजारी बसून खोकल्याने एचआयव्ही होत नाही. तो होतो असुरक्षित लैंगिक संबंधातून, बाधित रक्त किंवा सुईतून आणि आईकडून बाळाला.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यातले चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रातले, म्हणजे संख्येत आपलं राज्य पहिलं. यातले बरेचजण रोज कामावर जातात आणि शेजारच्या डेस्कवाल्याला त्याचा पत्ताही नसतो.

चाचणी कुठे होते आणि पैसे किती लागतात?

सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ती मोफत होते. दारावर आणि बोलण्यातही त्याला आयसीटीसीच म्हणतात. ठाण्यात सिव्हिल हॉस्पिटल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तर नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय ही सगळ्यांना माहीत असलेली ठिकाणं. सिव्हिलच्या जुन्या जागी नवं बांधकाम निघाल्यापासून तिथल्या विभागांच्या जागा बदलल्या आहेत, तेव्हा आधी चौकशी करून जा. १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. तुमच्या घरापासून किंवा कामापासून जवळचं केंद्र कोणतं ते तिथे विचारता येतं आणि त्यासाठी नाव सांगावं लागत नाही.

घराजवळच्याच केंद्रात जायचं असं बंधन नाही. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून कोपरखैरण्याच्या माणसाने ठाण्याला जावं, घोडबंदरच्या माणसाने वाशीला यावं, काही बिघडत नाही.

रांगेचं म्हणाल, तर नवखा माणूस केसपेपरच्या खिडकीवरच अडतो. "कशासाठी?" असं खिडकीतून मोठ्याने विचारलं जातं आणि मागे दहा माणसं उभी असतात. "आयसीटीसी" किंवा नुसतं "रक्ततपासणी" म्हणा, तेवढं पुरतं. काही ठिकाणी केसपेपर न काढता थेट केंद्रात गेलं तरी घेतात, तेव्हा आधी खोली नंबर विचारून सरळ तिकडेच जाऊन बघा.

सकाळी ओपीडीच्या वेळेत जा. लवकर गेलात तर रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो, उशिरा गेलात तर दुसरी फेरी पडते. रविवार आणि सरकारी सुट्टीला केंद्र बंद असतं. टीटीसी किंवा वागळे इस्टेटमध्ये पाळीत काम करणाऱ्यांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीचा आठवडा साधावा, म्हणजे रजा टाकावी लागत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही.

खासगी लॅबमध्ये काही शे रुपयांत ही चाचणी होते. तिथे समुपदेशन मिळेलच याची खात्री नसते, आणि पॉझिटिव्ह आलात तर पक्क्या निदानासाठी अखेर सरकारी केंद्रात यावंच लागतं.

आत गेल्यावर नेमकं काय होतं?

आधी समुपदेशक बंद खोलीत बोलतो. नाव, वय, पत्ता, मोबाइल, लग्न झालंय का, जोडीदार किती, कंडोम वापरता का, टीबीसारखा खोकला-ताप आहे का, असे प्रश्न असतात. ते ऐकून काहीजण चिडतात. पण शेवटचा धोक्याचा प्रसंग कधी घडला हे कळल्याशिवाय आज चाचणी करून उपयोग आहे की परत यावं लागेल, हे समुपदेशकाला सांगता येत नाही. तारीख लपवली तर रिपोर्टचा अर्थच चुकीचा लागतो. त्यानंतर तुमची संमती घेतात. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि या टप्प्यावर उठून जायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

मग दंडाच्या शिरेतून तीन ते पाच मिली रक्त घेतात, म्हणजे चमचाभर. शिबिरात किंवा छोट्या केंद्रात बोटाला टोचून थेंबावरही प्राथमिक चाचणी होते. किटवर एक कंट्रोलचा ठिपका किंवा रेघ असते, किट नीट चालतंय हे ती दाखवते. ती उमटली नाही तर किट बाद धरून नव्या किटवर पुन्हा चाचणी करतात. कधी दुसऱ्यांदा रक्त मागितलं तर लगेच धसका घेऊ नका.

पहिल्या किटवर काही आलं नाही तर रिपोर्ट निगेटिव्ह. पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं, म्हणजे त्यावर लागणीची खूण दिसली, तर त्याच रक्तावर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर चाचणी होते. तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाच्या तिन्ही चाचण्या रिॲक्टिव्ह आल्या तरच रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहितात. निकालात मेळ बसला नाही तर रिपोर्ट अनिश्चित येतो आणि १४ ते २८ दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला बोलावतात. हे दिवस फार जड जातात, पण अनिश्चित म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे.

रिपोर्ट समुपदेशक समोरासमोर देतो. शेजाऱ्याला, भावाला किंवा "मी त्यांची मिसेस" म्हणणाऱ्या कुणालाही तो परस्पर मिळत नाही.

प्रसंगानंतर किती दिवसांनी चाचणी करायची?

सगळ्यात जास्त घोळ याच ठिकाणी होतो. शनिवारी घडलं आणि सोमवारी चाचणी केली, तर निगेटिव्ह रिपोर्ट फक्त शनिवारच्या आधीचं सांगतो. विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) तयार करायला शरीराला वेळ लागतो. त्या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. तोवर लागण झालेली असली तरी चाचणीत दिसत नाही, आणि तरीही दुसऱ्याला लागण होऊ शकते.

आयसीटीसीत वापरतात त्या प्रतिद्रव्यं शोधणाऱ्या रॅपिड किटवर लागण साधारण २३ ते ९० दिवसांत दिसते. लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी प्रतिद्रव्यांबरोबर विषाणूचं पी-२४ प्रथिनही शोधते, त्यामुळे तिला १८ ते ४५ दिवस पुरतात. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी नॅट चाचणी १० ते ३३ दिवसांत दाखवते, पण ती महाग असते.

सोपा हिशोब असा: सहा आठवड्यांनी एकदा करा, तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. तीन महिन्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरायला हरकत नाही, मात्र मधल्या काळात नवा धोका घडलेला नसावा. कंडोम फाटल्यावर रोज नव्या लॅबमध्ये जाऊन पैसे घालवणारे लोक कमी नाहीत. त्यातून फक्त लॅबचा फायदा होतो.

कालच घडलंय. आत्ता काही करता येईल का?

येईल, आणि हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. लागण रोखण्यासाठी २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, त्याला पेप म्हणतात. पहिली गोळी जितकी लवकर, शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि कुठल्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत पोटात जायला हवी. चौथ्या दिवशी तिचा उपयोग नाही.

सुई टोचलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि लैंगिक अत्याचारपीडितांना सरकारी रुग्णालयात पेप मोफत मिळतं. इतरांनी एआरटी (एचआयव्हीवरचा औषधोपचार) केंद्रातल्या किंवा एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे तातडीने जाऊन विचारावं, औषध स्वतःच्या पैशाने घ्यावं लागू शकतं. रात्र असेल तर मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा, सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. सुरुवातीला एक चाचणी होते, कारण आधीपासून लागण असेल तर उपचार वेगळा असतो. मळमळतंय म्हणून दहाव्या दिवशी कोर्स सोडणं ही नेहमीची चूक आहे.

रिपोर्ट चुकू शकतो का?

निगेटिव्ह चुकतो तो मुख्यतः विंडो पिरियडमुळे. आधीच एआरटी किंवा पेप चालू असेल आणि ते सांगितलं नसेल तरीही चुकू शकतो. पॉझिटिव्ह चुकतो तो एकाच किटवर विसंबल्यामुळे. गरोदरपण किंवा संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार असतील तर क्वचित पहिलं किट खोटं रिॲक्टिव्ह येतं. तीन किटांची पद्धत त्यासाठीच आहे. खासगी लॅबच्या एका "रिॲक्टिव्ह" शब्दावर आयुष्याचे निर्णय घेऊ नका, तो रिपोर्ट घेऊन आयसीटीसीत या.

ऑनलाइन मागवलेल्या घरगुती किटलाही हेच लागू. रिपोर्टपेक्षा त्याला इशारा समजा.

रक्तदान शिबिरात फुकट तपासतात. तिथेच कळेल की?

असं अजिबात करू नका. दान केलेलं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासलं जातं हे खरं. पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असाल तर चाचणीत काही दिसणार नाही आणि ते रक्त एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला चढेल. शंका असेल तर गणपतीत मंडळाच्या शिबिरात मित्रांनी कितीही ओढलं तरी "अँटिबायोटिक चालू आहे" म्हणून बाजूला व्हा. हे खोटं आम्हाला चालतं.

कंपनीला कळेल का? नोकरी जाईल का?

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला तो मनाई करतो. निव्वळ पॉझिटिव्ह असल्यामुळे भेदभाव करणंही त्यात बेकायदा आहे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय स्वतःचा रिपोर्ट जाहीर करायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही. गोपनीयता मोडणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो, रुग्णालयांसाठी हा आकडा वीस आहे. या कायद्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ मध्येच, मुंबई उच्च न्यायालयाने एमएक्स विरुद्ध झेडवाय खटल्यात सांगितलं होतं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे सरकारी कंपनी नोकरी नाकारू शकत नाही. तो माणूस रोजंदारीवरचा मजूर होता.

हे झालं कायद्याचं. व्यवहारात माहिती फुटते ती भलत्याच वाटेने. लॅबमध्ये घरच्यांचा मोबाइल नंबर दिलेला असतो आणि रिपोर्ट मेहुण्याच्या व्हॉट्सॲपवर जातो. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासण्यांच्या यादीत एचआयव्ही असतो आणि फाइल नातेवाइकांच्या हातात फिरते. मेडिक्लेमचे कागद एचआरच्या सामायिक मेलवर जातात. तेव्हा लॅबमध्ये स्वतःचा नंबर द्या, रिपोर्ट स्वतः घ्या, आणि कंपनीच्या वार्षिक तपासणीआधी कोणत्या चाचण्या होणार आणि कंपनीला काय कळवणार, हे तपासणी करणाऱ्यांना विचारा. यादीत एचआयव्ही असेल तर नाही म्हणता येतं.

आखाती देशांच्या व्हिसासाठीच्या मेडिकलमध्ये मात्र एचआयव्ही चाचणी असते आणि आपला कायदा तिथे चालत नाही. त्याआधी आयसीटीसीत स्वतःहून चाचणी करून घेतलेली बरी. एजंटला पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं. मोठ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स घेतानाही कंपन्या ही चाचणी सांगतात. फॉर्मवर सही करण्याआधी तो वाचा.

पॉझिटिव्ह आला तर पुढे काय?

त्याच दिवशी किंवा काही दिवसांत तुम्हाला एआरटी केंद्राकडे पाठवतात. तिथे टीबी आहे का ते बघतात, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), हिमोग्लोबिन, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करतात. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झालं. पूर्वी सीडी-४ ठरावीक आकड्याखाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. २०१७ पासून आकडा काहीही असो, औषध लगेच सुरू करतात. "बघू, अजून त्रास नाही" असं म्हणत थांबायचं आता काही कारणच उरलेलं नाही.

बहुतेक प्रौढांना रोज एक गोळी असते, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकत्र असलेली. पश्चिम भारतात थोड्या रुग्णांमध्ये एचआयव्ही-२ हा दुसरा प्रकारही सापडतो. जुन्या काही गोळ्या त्याच्यावर चालत नसत, ही चालते. सुरुवातीला दर महिन्याला औषध घ्यायला जावं लागतं. तब्येत स्थिरावली की दोन-तीन महिन्यांचं एकदम मिळू शकतं, म्हणजे रजेचा प्रश्नही हलका होतो. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. तो सापडण्यापलीकडे खाली गेला आणि गोळ्या नियमित राहिल्या तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

गावी जाताना गोळ्या विसरू नका. शिमगा आणि गणपती, दोन्ही वेळी हमखास खाडे पडतात.

बायकोला किंवा नवऱ्याला केंद्रवाले सांगतील का?

तुमच्या पाठीमागे नाही. आधी तुम्हीच सांगावं म्हणून समुपदेशक मदत करतो, हवं तर दोघांना एकत्र बसवतो. वारंवार समजावूनही तुम्ही सांगत नसाल आणि जोडीदाराला खरा धोका असेल, तर तुम्हाला पूर्वकल्पना देऊन डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला कळवू शकतात. ज्या स्त्रीला कळवण्यामुळे मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती आहे, तिच्या बाबतीत कायद्याने याला अटकाव आहे. अशी भीती असेल तर ती पहिल्याच भेटीत बोलून दाखवा.

जोडीदाराची आणि गरज असेल तर मुलांची चाचणीही त्याच केंद्रात मोफत होते.

लग्न ठरतंय. मुलाकडे किंवा मुलीकडे रिपोर्ट मागावा का?

मागायचा असेल तर आपला पुढे करून मागा. पत्रिका दोघांची बघतात, तसाच रिपोर्टही दोघांचा. एकाच बाजूकडून मागितला की तो संशय ठरतो, आणि बहुतेकदा बाजू मुलीची असते. लग्नाआधी चाचणीची सक्ती करणारा कायदा महाराष्ट्रात नाही. पॉझिटिव्ह आलेल्यांचीही लग्नं होतात, मुलं होतात. काहीच उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, वेळेत उपचार घेतले तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

निगेटिव्ह आला. आता पुन्हा कधी?

विंडो पिरियड संपायचा असेल तर तीन महिने पूर्ण झाल्यावर एकदा. धोका चालूच राहणार असेल, म्हणजे एकाहून अधिक जोडीदार किंवा पॉझिटिव्ह जोडीदार असेल, तर दर सहा महिन्यांनी. गरोदरपणात आणि टीबीचं निदान झाल्यावर आधीचा रिपोर्ट कितीही ताजा असला तरी नव्याने. केंद्रातून निघताना कंडोम मागून घ्या, मोफत मिळतात, आणि पुढची तारीख स्वतःच्याच मोबाइलमध्ये टाका, "ब्लड टेस्ट" एवढंच लिहून.